तबकडीवाचून ‘डिस्क’ : सॅनडिस्क कंपनीचा उदय आणि विस्तार

अर्धवाहक उद्योगाच्या गेल्या अर्धशतकाच्या इतिहासात सॅनडिस्क या अमेरिकन कंपनीची कथा सामान्यतः दोन रीतींनी सांगितली जाते. पहिल्या रीतीत एक कल्पक शास्त्रज्ञ नोकरीचा आश्रय सोडून, दोघा सोबत्यांसह स्वतंत्र उद्योग उभारतो आणि अखेरीस जगाच्या खिशाखिशांत आपली वस्तू पोचवितो. दुसऱ्या रीतीत शोध जपानचा, लाभ अमेरिकेचा, असा निवाडा दिला जातो. दोन्ही कथनांत सत्याचा अंश आहे. परंतु १९८८ साली निघालेली एक छोटी कंपनी २०१६ साली सुमारे १,९०० कोटी डॉलरांच्या व्यवहारात दुसऱ्या कंपनीत विलीन होईपर्यंत कशाच्या बळावर वाढली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दोहोंपैकी एकातही सापडत नाही. मूळ स्मृतिपेशीचा शोध या कंपनीने लावला नव्हता. प्रारंभीच्या काळात तिच्या मालकीचा चिपांचा कारखानाही नव्हता. मग तिच्यापाशी होते काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

वीजप्रवाह बंद झाल्यावरही टिकून राहणारी अर्धवाहक स्मृती ही कल्पना १९६७ साली बेल प्रयोगशाळेत आकारास आली. डॉन काँग आणि सायमन झे या दोघा संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या रचनेत चहूबाजूंनी निरोधकाने वेढलेला एक वाहक थर बसविण्याची सूचना केली. या थरास ‘फ्लोटिंग गेट’ असे नाव पडले. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात, आणि त्यांच्या असण्यानसण्यावरून एक किंवा शून्य हा अंक वाचता येतो. पुढील सर्व प्रगतीचा पाया हाच होय.

१९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावर पुसता येणारी स्मृती प्रत्यक्षात आणली. तथापि ती पुसण्यासाठी चिप यंत्रातून काढून काचेच्या खिडकीतून तिच्यावर अतिनील किरण सोडावे लागत. यंत्रातल्या यंत्रात, केवळ विजेच्या साहाय्याने लेखन पुसता यावे, ही पुढची पायरी होती. या कामी ज्यांनी महत्त्वाची भर घातली त्यांत एली हरारी यांचे नाव येते. तेल अवीव येथे जन्मलेल्या, मँचेस्टर येथे भौतिकशास्त्र शिकलेल्या आणि प्रिन्स्टन येथे डॉक्टरेट मिळविलेल्या हरारी यांनी १९७०च्या दशकात ह्यूजेस कंपनीत असताना अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरातून इलेक्ट्रॉन आरपार नेण्याची व्यवहार्य पद्धत सिद्ध केली. इंटेलमध्ये जॉर्ज पेर्लेगोस यांच्या हातून १९८०च्या सुमारास याच जातीची १६ किलोबिटांची चिप बाजारात आली.

परंतु या स्मृतीत प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे पुसण्याची सोय असल्यामुळे पेशी मोठी व महाग होत असे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी हा प्रश्न उलट बाजूने सोडविला. एकेक पेशी पुसण्याचा आग्रह सोडून दिला आणि पुष्कळ पेशी एकदम पुसण्याचे ठरविले, तर रचना कितीतरी लहान होते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत त्यांनी ही रचना मांडली. १९८७ साली तिचे अधिक दाट रूप, ज्यास ‘नँड’ म्हणतात, ते प्रसिद्ध केले. एका क्षणात सारे पुसले जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना छायाचित्रकाराच्या दिव्याच्या झगमगाटाची आठवण झाली, आणि त्यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. नाव पुसण्याच्या क्रियेवरून पडले, साठविण्याच्या गुणावरून नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण या माध्यमाचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही पुसण्याच्या क्रियेतच दडलेली होती.

२. स्थापना आणि मूळ कल्पना

१९८८ साली हरारी यांनी संजय मेहरोत्रा आणि जॅक युआन यांच्यासह कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीत ‘सनडिस्क’ या नावाने कंपनी काढली. हरारी यांच्या गाठी याआधी एका कंपनीच्या संस्थापनेचा अनुभव होता. १९८३ साली त्यांनी ‘वेफरस्केल इंटिग्रेशन’ ही कंपनी सुरू केली होती. मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे. पिलानी येथील बिर्ला तंत्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम अर्ध्यावर ठेवून ते बर्कले येथे गेले आणि तेथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून इंटेलसह अनेक कंपन्यांत स्मृतिचिपांच्या रचनेचे काम त्यांनी केले होते. तिघेही अशा रीतीने एकाच विद्येचे उपासक होते.

त्या काळी फ्लॅश चिपेचा उपयोग म्हणजे यंत्रातील स्थिर आज्ञावली साठविणे, अशीच बहुतेकांची समजूत होती. आज्ञावली एकदा लिहिली की क्वचितच बदलावयाची असते. तेव्हा पुसण्याच्या मर्यादेची अडचण भासत नाही. सनडिस्कच्या संस्थापकांची कल्पना याहून निराळी होती. फिरत्या चुंबकीय तबकडीचे जे काम, म्हणजे वरचेवर लिहिणे, पुसणे आणि पुन्हा लिहिणे, ते काम अर्धवाहकाकडून करवून घ्यावयाचे, अशी ती कल्पना होती. तबकडी फिरविण्यास मोटर लागते, वीज लागते. धक्का बसला तर ती बिघडते. हातात बाळगण्याच्या यंत्रांना असे साधन सोयीचे नव्हते.

पण फ्लॅश स्मृती या कामास जशीच्या तशी लायक नव्हती. तिचे दोष तीन. पहिला, तिच्यात लिहिलेल्यावर थेट दुसरे लिहिता येत नाही. आधी सबंध खंड पुसावा लागतो. दुसरा, प्रत्येक पुसण्यागणिक ऑक्साइडचा पातळ थर थोडाथोडा झिजतो आणि ठराविक आवर्तनांनंतर पेशी निकामी होते. तिसरा, मोठ्या चिपेत काही पेशी जन्मतःच सदोष निघतात. या दोषांवर दोन मार्ग संभवत होते. निर्दोष पेशी निर्माण करण्यासाठी उत्पादनाची पराकाष्ठा करणे हा एक; सदोष पेशी गृहीत धरून त्यांच्याकडून निर्दोष काम करवून घेणे हा दुसरा. सनडिस्कने दुसरा मार्ग पत्करला.

१३ एप्रिल १९८९ रोजी दाखल झालेल्या पेटंट-अर्जात या मार्गाचे विवरण आढळते. चिपांच्या जोडीला एक नियंत्रक द्यावा. त्याने सदोष पेशींची नोंद ठेवून त्यांच्या जागी राखीव पेशी योजाव्यात. वाचताना झालेल्या चुका दोषदुरुस्तीच्या गणिती संकेतांनी सुधाराव्यात. आणि बाहेरच्या संगणकास हे सारे ओळखीच्या तबकडीप्रमाणेच भासावे, हे त्यातील मर्म होय. एकाच खंडाची झीज होऊ नये म्हणून लेखनाचा भार सर्व खंडांवर समान वाटण्याची युक्तीही या विचारधारेतूनच विकसित झाली. त्याहीपूर्वी, जून १९८८ मध्ये, हरारी यांनी दुसरा एक अर्ज केला होता. एका पेशीतील विद्युत्प्रभाराच्या केवळ दोन पातळ्या न मानता चार मानल्या, तर एका पेशीत एकाऐवजी दोन बिट मावतात, हा विचार त्यात होता. पातळ्या वाढल्या की त्यांतील अंतर घटते आणि वाचनातील चुका वाढतात. चुका वाढल्या की नियंत्रकावरील भिस्त वाढते. दोन्ही पेटंटे परस्परांना कशी पूरक होती, हे यावरून ध्यानात येईल.

येथे नियंत्रकाने केलेले कार्य भाषेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. संगणक आपल्या तबकडीशी ज्या ठराविक आज्ञांत बोले, त्या आज्ञा ५१२ बाइटांच्या क्षेत्राच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. अर्धवाहकात ना वर्तुळ, ना मार्गिका, ना फिरणे. तरीही सनडिस्कच्या साधनास तबकडीचे व्याकरण शिकविण्यात आले. नियंत्रक हा दुभाष्या झाला. संगणकाने जुन्याच भाषेत आज्ञा करावी आणि दुभाष्याने तिचे नव्या माध्यमाच्या व्यवहारात रूपांतर करावे, अशी ही योजना होती. त्यामुळे संगणक बनविणाऱ्यास आपल्या यंत्रात व आज्ञावलीत फारसा बदल करावा लागला नाही. नवे साधन जुन्या जगात शिरण्यासाठी जुन्याच नावाने आणि जुन्याच बोलीने शिरले. ‘डिस्क’ हे नाव म्हणूनच निव्वळ जाहिरातीपुरते नव्हते. त्यात कंपनीच्या कार्यपद्धतीचे सार होते.

३. पहिले ग्राहक आणि किमतीचा अडसर

१९९१ साली सनडिस्कने आयबीएम कंपनीसाठी २० मेगाबाइटांचे, अडीच इंची तबकडीच्या आकाराचे साधन पुरविले. त्याची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. प्रत्येक मेगाबाइटामागे ५० डॉलर हा दर त्या वेळच्या चुंबकीय तबकडीच्या दराहून कितीतरी अधिक होता. तबकडीची जागा अर्धवाहकाने घ्यावी, हे संस्थापकांचे मूळ उद्दिष्ट या किमतीपुढे टिकणे शक्य नव्हते. शिवाय चुंबकीय तबकडी काही स्थिर राहिली नव्हती. तीही वर्षागणिक स्वस्त आणि दाट होत होती. शर्यतीत पुढे असलेला गडी धावतच राहिला तर मागच्याने वेग वाढवूनही अंतर लवकर तुटत नाही, अशी ही स्थिती होती. सामान्य संगणकातून तबकडी हटण्यास पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला, हे पाहता प्रारंभीच्या आशावादाची मर्यादा स्पष्ट होते.

ज्या ठिकाणी किमतीपेक्षा आकार, वजन आणि टणकपणा यांचे मोल अधिक, तेथे मात्र कंपनीस जागा होती. अगदी थोडी माहिती साठवावयाची असेल तर आणखी एक लाभ दिसून येई. तबकडीची मोटर, बाहू, वाचनशीर्ष यांची किंमत साठा कितीही लहान असला तरी द्यावीच लागते. अर्धवाहकाची किंमत साठ्याच्या प्रमाणात उतरते. तेव्हा काही मेगाबाइटांच्या मर्यादेत फ्लॅशच स्वस्त ठरते. हा साधा हिशेब कंपनीच्या पुढील वाटचालीचा पाया ठरला. मोठी तबकडी हटविण्याचा नाद काही काळ बाजूस ठेवून, जेथे तबकडी कधी शिरूच शकली नसती अशा लहान यंत्रांकडे तिने मोर्चा वळविला. १९९३ साली सीगेट या चुंबकीय तबकड्यांच्या अग्रगण्य कंपनीने सनडिस्कमध्ये भांडवल गुंतविले. ज्याच्या धंद्यास भविष्यात शह बसावयाचा, त्यानेच शह देणाऱ्यास पैसा पुरवावा, यात विसंगती दिसते खरी. परंतु प्रस्थापित उद्योगाने भविष्यातील धोक्याचा विमा उतरवावा तसाच हा प्रकार होता.

४. नाव, प्रमाण आणि संघटना

१९९४ साली कंपनीने ‘कॉम्पॅक्ट फ्लॅश’ हे ४३ × ३६ × ३.३ मिलिमीटर मापाचे कार्ड पुढे आणले. नियंत्रक कार्डाच्या पोटातच असल्यामुळे ते कोणत्याही यंत्रात घातले तरी तबकडीसारखेच वागे. येथे कंपनीसमोर एक महत्त्वाचा निर्णय होता. हे माप आणि हे नियम केवळ आपल्यापाशी राखून ठेवावेत, की इतरांस खुले करावेत? १९९५ साली इतर कंपन्यांना बरोबर घेऊन ‘कॉम्पॅक्ट फ्लॅश असोसिएशन’ ही संघटना स्थापन करण्यात आली आणि प्रमाण सर्वांस उपलब्ध झाले. प्रतिस्पर्धी तेच कार्ड बनवू लागतील हे उघड होते. परंतु कॅमेरा बनविणाऱ्यास एकाच पुरवठादाराच्या दावणीला बांधले जाण्याची भीती उरली नाही, म्हणून तो ते प्रमाण स्वीकारण्यास राजी झाला. बाजारपेठेतील वाटा घटला तरी बाजारपेठच अनेकपट वाढेल, आणि इतरांच्या विक्रीवरही पेटंटाचे शुल्क मिळेल, असा हा दूरदृष्टीचा हिशेब होता.

त्याच वर्षी कंपनीने आपले नाव बदलले. ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ या प्रख्यात संगणक-कंपनीशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘सनडिस्क’चे ‘सॅनडिस्क’ झाले. एका स्वराच्या बदलाने नावातील सूर्य मावळला; ‘डिस्क’ मात्र राहिली. नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात विक्रीस आले. त्या वर्षीची तिची उलाढाल सुमारे ६ कोटी डॉलर होती.

प्रमाणांच्या निर्मितीचे हे धोरण पुढेही चालू राहिले. १९९७ साली सीमेन्सच्या सहकार्याने ‘मल्टिमीडिया कार्ड’ आले. ऑगस्ट १९९९ मध्ये मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क या तिघांनी मिळून ‘एसडी’ कार्ड जाहीर केले आणि जानेवारी २००० मध्ये त्याची संघटना स्थापन झाली. ३२ × २४ × २.१ मिलिमीटर हे त्याचे माप. त्याच्या बोधचिन्हातील इंग्रजी ‘डी’ हे अक्षर प्रकाशीय तबकडीसारखे दिसते. कारण ते चिन्ह मुळात तोशिबाच्या एका प्रकाशीय तबकडीसाठी काढलेले होते आणि ती योजना मागे पडल्यावर या कार्डास वापरण्यात आले. तबकडीचे नाव गेले तरी तिची आकृती पुन्हा एकदा तबकडीविरहित वस्तूच्या अंगावर उमटली.

याच्या तुलनेत सोनी कंपनीने १९९८ साली आणलेल्या ‘मेमरी स्टिक’चा वृत्तांत बोधप्रद आहे. सोनीचे कॅमेरे व इतर यंत्रे लोकप्रिय होती; तरीही ते कार्ड प्रामुख्याने सोनीच्याच यंत्रांपुरते राहिले. पुढे २०१० साली सोनीने स्वतःच्या यंत्रांत एसडी कार्डास जागा देण्यास आरंभ केला. ज्या प्रमाणाभोवती अनेकांचे हितसंबंध गुंफले जातात ते एकट्याच्या मालकीच्या प्रमाणावर मात करते, हे त्यावरून दिसते. २००४ साली सॅनडिस्कने भ्रमणध्वनीसाठी काढलेले नखाएवढे ‘ट्रान्सफ्लॅश’ कार्ड पुढल्याच वर्षी ‘मायक्रोएसडी’ या नावाने संघटनेने स्वीकारले आणि त्यातून पूर्वी कधीही संगणक न हाताळलेल्या कोट्यवधी लोकांपर्यंत ही साठवण जाऊन पोचली.

५. पेटंटांचा व्यवहार

प्रमाण खुले होते. त्यामागील पेटंटे मात्र खुली नव्हती. जानेवारी १९९६ मध्ये सॅनडिस्कने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे सॅमसंगविरुद्ध तक्रार दाखल केली. स्वतः कारखाना नसलेल्या, तुलनेने अगदी लहान कंपनीने स्मृतिचिपांच्या बड्या उत्पादकास आव्हान दिले होते. १९९७ साली आयोगाकडून सॅनडिस्कचा पक्ष मान्य झाला आणि त्याच वर्षी उभय पक्षांत तडजोड होऊन परस्परांची पेटंटे वापरण्याचा करार झाला. २००९ साली हा करार आणखी सात वर्षांसाठी नव्याने करण्यात आला. फ्लॅश बनविणारे कोणीही असो, त्याच्या विक्रीतून काही अंश सॅनडिस्ककडे येऊ लागला. वस्तूंच्या किमती कोसळत त्या वर्षांत या शुल्काचा आधार कंपनीस फार मोलाचा ठरे. कारण त्यास कच्चा माल लागत नाही आणि त्याचा साठा गोदामात पडून राहत नाही.

याच काळातील दुसरी एक घटना शेजारी ठेवून पाहिली म्हणजे विषयाचे गांभीर्य कळते. फ्लॅशचे जनक मासुओका १९९४ साली तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात गेले. आपल्या शोधांपासून कंपनीस झालेल्या लाभाचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून त्यांनी २००४ साली जुन्या मालकावर १०० कोटी येनांचा दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनांवर त्याची तडजोड झाली. मूळ पेशीची कल्पना ज्याची, त्यास न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. त्या पेशीच्या दोषांची व्यवस्था ज्यांनी लावली ते स्वतःच्या पेटंटांचे स्वामी राहिले. या भेदाचे कारण दोघांच्या बुद्धीत नसून दोघांच्या स्थानात आहे. मासुओका नोकर होते. हरारी संस्थापक होते. जपानी मोठ्या कंपनीत शोधाचे स्वामित्व संस्थेकडे जाई आणि संशोधकास अल्प पारितोषिक मिळे. सिलिकॉन व्हॅलीत साहसी भांडवलाच्या आधारे नोकरी सोडणे ही एक रूढ वाट झाली होती. ‘शोध जपानचा, लाभ अमेरिकेचा’ हे सूत्र म्हणूनच अपुरे आहे. तोशिबास लाभ झालाच. तो शोधकापर्यंत पोचला नाही.

६. कारखान्याचा प्रश्न

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अंकीय कॅमेऱ्यांचा खप वाढू लागला तसतशी दुसऱ्यांच्या कारखान्यांतून चिपा करवून घेण्याची पद्धत अपुरी पडू लागली. चिपांची टंचाई आली की कारखानदार आधी स्वतःची गरज भागवी. पण कारखाना उभारावयाचा तर लागणारे भांडवल सॅनडिस्कच्या आवाक्याबाहेर होते. दुसऱ्या बाजूस तोशिबापाशी नँड रचना आणि कारखाने होते. परंतु एका पेशीत अनेक बिट साठविण्याचे आणि नियंत्रकाचे ज्ञान सॅनडिस्ककडे होते. २००० साली दोघांनी ‘फ्लॅशव्हिजन’ हा संयुक्त उद्योग काढला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅनॅसस येथे तोशिबाच्या ताब्यातील कारखान्यात त्याचा प्रारंभ झाला. सॅनडिस्क याच सुमारास आपली जुनी पेशीरचना सोडून नँडकडे वळली.

मुहूर्त मात्र बिकट ठरला. २००० साली सुमारे ६० कोटी डॉलर असलेली कंपनीची उलाढाल २००१ साली सुमारे ३७ कोटींवर घसरली. सबंध अर्धवाहक-उद्योगच त्या वर्षी मंदीत होता. तोशिबाने सामान्य संगणक-स्मृतीच्या धंद्यातून अंग काढून घेतले आणि मॅनॅससचा कारखाना मायक्रॉन कंपनीस विकला. संयुक्त उद्योगाची यंत्रसामग्री जपानमधील मिए प्रांतात योक्काइची येथे हलविण्यात आली. या स्थलांतराच्या वेळी सॅनडिस्कने भागीदारी मोडली असती तर तिचे स्वरूप कदाचित केवळ पेटंटांच्या वसुलीवर जगणाऱ्या संस्थेचे झाले असते. तिने भागीदारी टिकविली. २००३ साली उलाढाल १०० कोटी डॉलरांवर गेली. पुढे २००४ व २००६ साली आणखी दोन संयुक्त उद्योग निघून योक्काइची येथे ३०० मिलिमीटर व्यासाच्या वेफरांचे नवे कारखाने उभे राहिले.

या व्यवस्थेत खर्च व उत्पादन दोहोंची वाटणी होई आणि बाजारात मात्र दोघेही परस्परांचे स्पर्धक असत. तिचा लाभ मोठा होता. पण तिची किंमतही होती. कारखान्यात गुंतलेला पैसा मागणी असो वा नसो, आपला हिशेब मागतच राहतो. पूर्वी मंदीत खरेदी थांबविता येई. आता उत्पादनाचा वाटा उचलणे भाग होते.

७. परिपक्वता, संकट आणि विलय

२००६ साली कंपनीने दोन महत्त्वाच्या कंपन्या विकत घेतल्या. मॅट्रिक्स सेमिकंडक्टर ही थरांवर थर रचून चिप बनविण्याच्या प्रयत्नात होती. दुसरी इस्रायलमधील एम-सिस्टिम्स. डोव्ह मोरान यांनी स्थापिलेल्या या कंपनीने यूएसबी जोडणीचे खिशातील साठवण-साधन २००० साली बाजारात आणले होते, आणि एका पेशीत तीन वा अधिक बिट मावविण्याच्या गणितात तिची गती होती.

परंतु दोनच वर्षांत भाव कोसळले. सर्व उत्पादकांनी एकाच वेळी क्षमता वाढविली होती आणि जगावर आर्थिक अरिष्ट आले होते. सप्टेंबर २००८ मध्ये सॅमसंगने सॅनडिस्क विकत घेण्याचा ५८५ कोटी डॉलरांचा, म्हणजे प्रत्येक भागास २६ डॉलरांचा, प्रस्ताव जाहीर केला. सॅनडिस्क हाती आली असती तर सॅमसंगचे पेटंट-शुल्क वाचले असते आणि तोशिबाच्या कारखान्यातील भागीदारच तिच्या पंखाखाली गेला असता. संचालक मंडळाने किंमत अपुरी ठरवून प्रस्ताव नाकारला. ऑक्टोबरमध्ये सॅमसंगने तो मागे घेतला. त्या वर्षी कंपनीस सुमारे २०० कोटी डॉलरांचा तोटा झाला, आणि रोकड उभी करण्यासाठी संयुक्त कारखान्यांतील क्षमतेचा सुमारे ३० टक्के भाग तोशिबास देण्याचा निर्णय तिने घेतला. स्वातंत्र्य राखण्यासाठी दिलेले हे मोल होते. ते वाजवी होते की नाही, याचे उत्तर पुढील आकडे देतात : २०१४ साली कंपनीची उलाढाल ६६० कोटी डॉलरांच्या घरात गेली.

२०१० अखेर हरारी निवृत्त झाले आणि जानेवारी २०११ पासून मेहरोत्रा प्रमुख झाले. त्यांच्या काळात कंपनी पुन्हा मूळ उद्दिष्टाकडे, तबकडीची जागा घेण्याकडे, वळली. कार्डांचा धंदा मंदावत होता. मोठ्या माहितीकेंद्रांत मात्र वेगवान साठवणीस मागणी होती. २०११ साली प्लायंट, २०१३ साली स्मार्ट स्टोरेज आणि २०१४ साली सुमारे ११० कोटी डॉलरांस फ्यूजन-आयओ या कंपन्या तिने आपल्याकडे घेतल्या. त्याच वर्षी हरारी यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान-पदक मिळाले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वेस्टर्न डिजिटल या चुंबकीय तबकड्या बनविणाऱ्या कंपनीने सॅनडिस्क खरेदी करण्याचे जाहीर केले. १२ मे २०१६ रोजी व्यवहार पूर्ण झाला. तबकडीचे नाव धारण करून तिला हटविण्यास निघालेली कंपनी तबकडीवाल्यांच्याच घरी गेली. पण हा पराभव तबकडीचाही म्हणता येईल, कारण अर्धवाहकाशिवाय आपल्याला भवितव्य नाही, ही कबुली त्या खरेदीत होती. भागीदारीचे बंधन किती दृढ होते, ते लगेच दिसून आले. अमेरिकेतील अणुभट्टी-व्यवसायात बुडालेल्या तोशिबाने २०१७ साली आपला स्मृतिविभाग विक्रीस काढला, तेव्हा सॅनडिस्कच्या वारशाने भागीदार झालेल्या वेस्टर्न डिजिटलने हरकत घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये तडजोड झाली. जून २०१८ मध्ये तो विभाग नव्या मालकांकडे गेला आणि २०१९ साली त्यास ‘किओक्सिया’ हे नाव मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने अर्धवाहक-विभाग वेगळा केला, आणि सॅनडिस्क हे नाव पुन्हा स्वतंत्र कंपनीचे म्हणून नॅसडॅकच्या यादीत आले.

८. समारोप

या इतिवृत्तावरून काही निष्कर्ष काढता येतात. सॅनडिस्कची वाढ मूळ शोधावर किंवा कारखान्याच्या मालकीवर आधारलेली नव्हती. सदोष माध्यमाकडून निर्दोष काम करवून घेणारी मधली विद्या तिने पहिल्यांदा पद्धतशीरपणे बांधली, ती पेटंटांनी राखली, आणि मापे-नियम मात्र सर्वांस खुले केले. राखणे आणि खुले करणे यांचा हा मेळ तिच्या यशाचे प्रमुख कारण होय. दुसरे असे की, ही मधली विद्या एकटी पुरेशी ठरली नाही. उत्पादनाचा वाटा हाती नव्हता तोवर कंपनी परावलंबी होती; वाटा हाती आल्यावर ती बाजाराच्या चढउतारांत सापडली. स्वातंत्र्य आणि सुरक्षितता ही दोन्ही एकदम तिला क्वचितच लाभली.

भारतातील अभ्यासकांना या इतिहासाचे महत्त्व केवळ एका संस्थापकाच्या कानपुरी जन्मामुळे नाही. मेहरोत्रा २०१७ साली मायक्रॉनचे प्रमुख झाले, आणि त्या कंपनीने जून २०२३ मध्ये गुजरातमध्ये साणंद येथे प्रकल्प जाहीर केला. तो वेफर बनविण्याचा नसून चिपांची जुळणी व चाचणी करण्याचा आहे. साखळीतील कोणत्या कडीपाशी उभे राहावयाचे, हा प्रश्न त्यामुळे आपल्यापुढेही आहे. प्रत्येक कडीचे मोल सारखे नसते. नियमांची आखणी आणि दोषांची व्यवस्था ज्याच्या हाती, त्यास कारखाना नसतानाही वाटा मागता येतो; केवळ जुळणी ज्याच्या हाती, त्यास दुसऱ्याने ठरविलेला वाटा घ्यावा लागतो. सनडिस्कच्या संस्थापकांनी १९८८ साली आपली जागा जाणीवपूर्वक निवडली होती. पुढील अठ्ठावीस वर्षांचा इतिहास हा त्या निवडीचाच विस्तार आहे.